वस्तऱ्याला भिंग कशाला म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. मला आत्तापर्यंत पाच जणांनी पाठवला, आणि त्यातले दोघं तर माझं बघूनच वस्तऱ्याने दाढी करायला लागलेले, त्यामुळे जास्तच लागलं. वरती मोठ्या अक्षरात लिहिलंय, "हातच्या काकणाला आरसा कशाला, वस्तऱ्याला भिंग कशाला", आणि खाली सहा मुद्दे. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, पूर्वीच्या न्हाव्यांकडे भिंग नव्हतं तरी दाढी लोण्यासारखी व्हायची. दोन, डोक्याचा एक केस धरून धारेवर टेकवा, तुटला की वस्तरा तयार, बाकी काही बघायचं नाही. तीन, बघायचंच तर चमक बघा, धार आरशासारखी चमकली म्हणजे झालं. चार, भिंगातून कुठलीही धार करवतीसारखीच दिसते, माणूस घाबरतो आणि दगडावर घासून घासून वस्तरा संपवतो. पाच, एवढी हौसच असेल तर कॉम्प्युटरला लावायचं 1000 पटवालं घ्या, सोनाराचं 10 पटवालं म्हणजे खेळणं. सहा, केस मऊ आणि पोलाद कडक, रोज चामड्याचा पट्टा मारत राहिलात तर धार लावायचा दगड आयुष्यात परत लागणार नाही.

मी नाशिकच्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये टूल इन्स्पेक्शनला आहे, सोळा वर्षं झाली. दिवसभर मायक्रोस्कोपखाली कार्बाइडच्या इन्सर्टची, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या छोट्या तुकड्यांची, धार बघायची, किती झिजली ते मोजायचं, 0.3 मिलिमीटर झीज दिसली की तो कोपरा बाद करून दुसरा फिरवायचा, हेच काम. आणि घरी आठ वर्षं झाली, वस्तऱ्यानेच दाढी करतो, धारही स्वतःच लावतो. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना. नवीन पोरं असलं वाचतात, अर्धवट धारेने गाल सोलून घेतात, आणि मग दोष धारेला न देता वस्तऱ्यालाच देऊन तो कपाटात टाकून देतात. असे तीन वस्तरे माझ्या ओळखीत पडून आहेत आणि तिन्ही चांगल्या पोलादाचे आहेत.

मुद्द्यांवर यायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. भिंग तुम्हाला धार किती तीक्ष्ण आहे हे सांगत नाही. भिंग सांगतं की दगड धारेला कुठे लागला आणि कुठे लागला नाही. बस, एवढंच. पण वस्तऱ्याला धार लावताना नव्वद टक्के चुका ह्याच जागी होतात, दगड जिथे पोचायला हवा तिथे पोचलेलाच नसतो आणि आपण पुढच्या बारीक दगडावर गेलेलो असतो.

आता पहिला मुद्दा, जुन्या न्हाव्यांचा. हा मला सगळ्यात जास्त मान्य असायला पाहिजे कारण मी ते डोळ्यांनी बघितलंय. माझ्या आजोबांची दाढी करायला पंचवटीतून एक काका यायचे, दर रविवारी, जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसायचे आणि धोकटी उघडायचे. त्यात वस्तरा, नराणी, कातर, फणी, पितळी वाटी, सहाण आणि ते चामोटं, म्हणजे ज्याला आपण आता पट्टा किंवा स्ट्रॉप म्हणतो ते. मी असेन आठ नऊ वर्षांचा. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून वस्तरा ओढून झाला की काका तसेच उठायचे, दारात उजेडाला यायचे, वस्तऱ्याची धार सरळ स्वतःच्या डोळ्याकडे करायचे आणि हळूहळू पुढे मागे कलवायचे, मुठीपासून टोकापर्यंत. मी एकदा विचारलं काका काय बघताय, तर म्हणाले, "लकाकतंय का बघतो बाळा. लकाकलं तिथं बोथट."

मेसेजवाले दादा, हे बघणंच झालं की! त्यांच्याकडे भिंग नव्हतं पण तपासणी होती, आणि ती रोज होती. दोन उतार येऊन जिथे मिळतात ती रेघ जर खरोखर बारीक असेल तर तिला उजेड परत फेकायला जागाच नसते, ती काळी दिसते, म्हणजे दिसतच नाही. जिथे ती गोल किंवा चपटी झालीय तिथे पांढरा दोरा चमकतो. काका तो दोरा शोधत होते. भिंगाने मी तोच दोरा शोधतो, फक्त मला तो दहापट मोठा दिसतो.

शिवाय सरावाचा फरक आहेच ना. रामकुंडावर क्षौर करायला जी न्हावी मंडळी बसतात त्यांच्या हाताखालून दिवसाला कितीतरी डोकी जातात, सिंहस्थात तर मोजदादच नाही. तिथेही आता बहुतेक ठिकाणी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आलाय आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण जुन्या पिढीतल्या न्हाव्याला दगडावरचा वस्तऱ्याचा आवाज आणि हाताला लागणारी ओढ ह्यावरून धार कळायची, ती अशी वर्षानुवर्षांच्या कामातून. आपण आठवड्यातून चार वेळा एकच तोंड भादरतो आणि तीन महिन्यांतून एकदा दगड काढतो. आपल्याला तो आवाज कधी आणि कसा कळणार? त्यांच्या हाताची बरोबरी आपण करू शकत नाही, डोळ्याला मदत मात्र देऊ शकतो. आणि चाळिशीनंतर तर जवळचं दिसणं सगळ्यांचंच कमी होतं, तेव्हा ती मदत नको म्हणणं हे मला तरी पटत नाही.

अजून एक. भिंग हे काही आजचं फॅड नाहीये. 1665 साली लंडनला रॉबर्ट हूक नावाच्या शास्त्रज्ञाने मायक्रोस्कोपमधून जे काही बघितलं त्याचं मायक्रोग्राफिया म्हणून पुस्तक काढलं, ज्यात पिसवेचं ते प्रसिद्ध मोठं चित्र आहे. त्यात अगदी सुरुवातीला, सुईच्या टोकानंतर दुसऱ्याच नंबरला, त्याने वस्तऱ्याची धार बघितलीय. दगडावर घासलेली बाजू त्याला नांगरलेल्या शेतासारखी दिसली, सरीवरंबे पडलेली. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली ह्याला.

केसाची चाचणी. हिच्यावर जरा जास्त बोलतो कारण माझा स्वतःचा गाल ह्याच चाचणीने खराब केला होता.

पहिल्यांदा मी ऑनलाइन जुना जर्मन वस्तरा घेतला, जाहिरातीत लिहिलेलं की धार लावून तयार, आला की लगेच दाढी करा. आल्या आल्या मी डोक्याचा केस उपटला, चिमटीत धरला आणि धारेवर टेकवला, टक करून तुटला. मी खूश. गालावर पहिला हात छान गेला. हनुवटीवर आलो आणि असा खेचला की डोळ्यात पाणी आलं, आणि गळ्यावर तर रक्तच. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला तुमचा हात चुकतोय, आणि मला तेव्हा ते खरं वाटलं. दोन आठवडे मी हाताचा कोन बदलून बदलून बघत होतो.

मग एका रविवारी ऑफिसच्या सवयीने भिंग काढलं. टोकापासून मधल्या भागापर्यंत धार व्यवस्थित काळी, पण मुठीकडच्या बाजूला साधारण बारा मिलिमीटर लांबीत तो पांढरा दोरा, तुटक तुटक, पण होताच. मग परमनंट मार्करने धारेच्या दोन्ही बाजूंचे अरुंद उतार, ज्यांना बेव्हल म्हणतात ते काळे केले, 1000 नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) अगदी हलक्या हाताने पाच वेळा ओढला आणि परत बघितलं. बाकी सगळीकडे काळं पुसलं गेलेलं, फक्त मुठीकडे उताराचा वरचा अर्धा भाग पुसलेला आणि अगदी धारेलगत केसाएवढी काळी पट्टी जशीच्या तशी. म्हणजे पातं किंचित पिळलेलं होतं, दगड उताराच्या खांद्याला घासत होता आणि धारेपर्यंत पोचतच नव्हता. आधीच्या माणसाने पुढच्या किती दगडांवर तो फिरवला असेल देव जाणे, त्या बारा मिलिमीटरला एकही दगड लागलेला नव्हता. मी केस टेकवला होता टोकाजवळ.

आता जरा हिशोब करा. वस्तऱ्याची धार साधारण 70 मिलिमीटर लांब असते. डोक्याचा केस 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाडीचा. जाड केस धरला तरी एका केसाने तुम्ही 700 पैकी एक जागा तपासली. हनुवटीचे केस मात्र सगळ्या 700 जागा तपासतात.

आणि केस तरी कुठे सारखे असतात. तेल लावलेला वेगळा तुटतो, धुतलेला वेगळा, माझ्या बायकोचा जाड आणि सरळ आहे तो लगेच तुटतो, मुलीचा मऊ आहे तो त्याच वस्तऱ्यावर नुसता वाकून सरकतो. मुळाकडचं टोक बाहेर ठेवून धरला तर एक उत्तर आणि उलटा धरला तर दुसरं, चिमटीपासून एक सेंटिमीटरवर टेकवला तर तुटतो आणि तीनवर टेकवला तर नाही. त्यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बर. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना हा शब्द माहितीच असेल, धातू घासला की कडेला जी पत्र्यासारखी पातळ तार उभी राहते ती. वस्तऱ्याला बर राहिली तर तो केस इतका सुंदर तोडतो की विचारू नका, आणि गालावर दुसऱ्या हाताला ती तार दुमडते किंवा तुकड्यातुकड्याने तुटते आणि धार गेली. भिंगाखाली बर ओळखू येते, धारेच्या एकाच बाजूने कड उचलल्यासारखी दिसते, वस्तरा उलटा केला की उजेड वेगळा पडतो. केसाला ती कळणार नाही.

मी केसाची चाचणी करतच नाही असं नाही हं. करतो, पण शेवटी, आणि तीन जागी, मुठीकडे, मध्ये आणि टोकाला, आणि एकाच माणसाच्या धुतलेल्या केसाने. मेसेजमध्ये "बाकी काही बघायचं नाही" आहे ना, माझा विरोध त्या वाक्याला आहे.

चमकेचा मुद्दा वर काकांनीच निकालात काढलाय खरं तर, पण इथे दोन चमका आहेत आणि लोक त्या एकत्र करतात म्हणून बोलतो. एक चमक उताराची, म्हणजे बेव्हलची. ती बारीक दगडाने येते आणि चांगलीच गोष्ट आहे. दुसरी चमक अगदी धारेवरची, ती वाईट. नुसत्या डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, कारण निरोगी डोळ्यालासुद्धा हातभर अंतरावरून 0.1 मिलिमीटरच्या आतलं काही सुटं दिसत नाही, आणि बेव्हलच मुळात जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो.

शिवाय उतार आरशासारखा करणं फार सोपं आहे हो. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चामड्यावर थापा आणि शंभर वेळा ओढा, चकाचक होतो, तुमचं तोंड दिसेल त्यात. पण चामडं दबतं, धारेवरून वळून वर येतं, आणि जास्त ओढलं तर ती रेघ गोल होत जाते. आणि 1000 च्या दगडाचे खोल ओरखडे त्या चमकेखाली तसेच बसलेले असतात. जपानी मोजणीत 1000 च्या दगडाचा कण 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडा वर असतो आणि 8000 चा एक मायक्रॉनच्या थोडा वर, म्हणजे दहापट फरक. खोल सरी बुजवायची तर वरंबे तेवढे खाली आणायला लागतात, नुसतं वरंब्यांच्या डोक्यावर पॉलिश मारून सरी जात नाही. आणि जी सरी धारेपर्यंत जाते तिथे धारेला खाच राहते.

ह्यासाठी मी एक करतो, तुम्हीही करून बघा. 1000 वर ओढताना वस्तरा थोडा तिरका धरतो, म्हणजे ओरखडे एका बाजूला कललेले पडतात. 4000 वर गेलो की तिरकेपणा उलटा करतो. मग भिंगाखाली जुने ओरखडे आणि नवे ओरखडे सरळ फुलीसारखे वेगळे ओळखू येतात, आणि जोपर्यंत जुन्या दिशेची एकही रेघ धारेला टेकलेली दिसतेय तोपर्यंत 8000 चा दगड पिशवीतून काढायचाच नाही. भिंग नसेल तर हे कळणार कसं? किती वेळा ओढायचं ते आकडे पाठ करून? प्रत्येकाचा दगड वेगळा, दाब वेगळा, पोलाद वेगळं, कोणाचे तीस आणि कोणाचे नव्वद.

करवतीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. भिंग नवीन घेतलं की माणूस घाबरतो. मीही घाबरलो होतो. रेघाच रेघा दिसतात आणि वाटतं ह्याने दाढी कशी होणार. आणि मग काही जण खरंच त्या रेघा घालवण्याच्या नादात वस्तरा दगडावर ठेवतात तो काढतच नाहीत. पातं पाठीवर टेकवूनच धार लावतो ना आपण, पाठ पाच मिलिमीटर जाड आणि पातं अठरा मिलिमीटर रुंद असेल तर दोन उतारांमधला कोन साधारण 16 अंश पडतो, तर जास्त घासलं की पाठही झिजते, पातंही झिजतं, हे सगळं खरं.

पण ह्यावर उपाय भिंग फेकून देणं नाहीये, काय बघायचं ते शिकणं आहे. उतारावरच्या रेघा बघून घाबरायचं नाही, त्या असणारच, सगळ्यात बारीक दगडाच्याही असतात. बघायची ती शेवटची कड. तिथे पांढरा दोरा आहे का, तिथे काळी खाच आहे का, आणि जुन्या दगडाची रेघ तिथपर्यंत आलीय का. ह्या तीन गोष्टी सोडून बाकी काय दिसतंय त्याकडे लक्ष देऊ नका. आणि दर पाच ओढींनंतर बघू नका, मी पूर्ण कामात तीन वेळा बघतो, 1000 नंतर, 4000 नंतर आणि पट्ट्याच्या आधी.

धार शेवटी किती बारीक झाली हे भिंगातून का कळत नाही तेही सांगतो, कारण त्या भीतीचं मूळ तिथेच आहे. दिसणाऱ्या उजेडाची स्वतःचीच एक मर्यादा आहे, साधारण 0.2 मायक्रॉनच्या खालचं काहीही सुटं दिसत नाही, कितीही भारी काचा लावा. एर्न्स्ट ॲबेने हे 1873 साली मांडलं, तो जर्मनीत येनाला कार्ल झाइसबरोबर मायक्रोस्कोप बनवत होता. आणि चांगल्या लागलेल्या वस्तऱ्याच्या अगदी टोकाची जाडी त्याच मापाच्या आसपास खेळते. म्हणजे जी गोष्ट गालाला कळते ती उजेडाच्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तेव्हा भिंगात करवत दिसली म्हणून धार वाईट असं नाही, आणि भिंगात गुळगुळीत दिसली म्हणून दाढी मऊ होईल असंही नाही. शेवटचा निकाल गालाचाच, त्याबद्दल माझं आणि मेसेजवाल्यांचं भांडण नाहीच. पण गालाने नापास केल्यावर चूक 70 मिलिमीटरमध्ये नेमकी कुठे आहे ते गाल सांगत नाही. मग भिंग नसलेला माणूस काय करतो? परत 1000 पासून सगळं. म्हणजे जास्त पोलाद कोण झिजवतं सांगा, जो बघून बारा मिलिमीटरपुरतं काम करतो तो, का जो न बघता पूर्ण पातं पुन्हा पहिल्यापासून घासतो तो?

1000 पटवाल्या यूएसबीचं. हे लवकर उरकतो. ते 1000 पट म्हणजे बहुतेक वेळा स्क्रीनवर चित्र किती ताणून दाखवलंय त्याचा हिशोब असतो, मोठा टीव्ही लावला तर अजून वाढेल, पण बारीकसारीक जास्त दिसेल असं नाही. आणि खरंच जास्त पट वाढवलं की फोकसमध्ये राहणारी जाडी इतकी कमी होते की तिरक्या उतारावर एकच कोपरा स्पष्ट आणि बाकी धूसर, शिवाय एका वेळी अर्धा मिलिमीटर पातं दिसणार, म्हणजे पूर्ण धार बघायला दीडशे जागा. कोण बघणार? 10 ते 20 पट पुरतं, फार तर 60.

पण भिंगावर लिहिलेल्या आकड्यावरही विसंबू नका. बाजारात 30 पट लिहिलेली मोठ्या काचेची स्वस्त भिंगं मिळतात त्यातली कित्येक 10 पटच्या आसपासच असतात. घरी तपासता येतं. खिडकीपासून लांब उभं राहून भिंगाने समोरच्या भिंतीवर किंवा कागदावर खिडकीचं उलटं चित्र स्पष्ट पाडा, भिंग ते कागद अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, आणि 250 ला त्या आकड्याने भागा. 25 मिलिमीटर आलं तर 10 पट, 12 आलं तर 20 पट. 30 पटवाल्याचं आठ मिलिमीटर यायला पाहिजे, माझ्याकडच्या एकाचं चोवीस आलं. तरी ते वाईट नाही, मी मुलीला पानं आणि मुंग्या बघायला दिलंय.

मी वापरतो ते सराफ बाजारात सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथून घेतलेलं, तीन काचांचं, 10 पट. दुकानदाराला सांगा कडेलाही स्पष्ट दिसणारं पाहिजे, तो वहीच्या चौकडीवर ठेवून दाखवतो, कडेच्या रेघा वाकल्या नाहीत तर घ्या. सोनार बघतात तसं भिंग डोळ्याजवळ आणि वस्तू भिंगाजवळ आणायची असते, पण इथे वस्तू म्हणजे वस्तरा आहे, त्यामुळे कृपा करून उभ्याने किंवा पोरं आजूबाजूला असताना बघू नका. टेबलाशी बसा, दोन्ही कोपरं टेकवा, वस्तरा टेबलावर जाड पुस्तकाच्या कडेला टेकवून स्थिर ठेवा आणि डोकं खाली न्या, वस्तरा डोळ्याकडे आणायचा नाही. आणि दिवा मागून नको, बाजूने पाहिजे, उतारावरचे ओरखडे बाजूच्या उजेडातच उठून दिसतात. मोबाइलचा टॉर्च चालतो.

राहिला शेवटचा मुद्दा, केस मऊ आणि पोलाद कडक. ऐकायला बिनतोड वाटतं. आणि केस पोलादापेक्षा साधारण 50 पट मऊ असतो हेही खरंच आहे. पण मग ब्लेड बोथट का होतं, हा प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्राध्यापक जेम तासान ह्यांच्या टीमने घेतला आणि 2020 मध्ये सायन्स नावाच्या नियतकालिकात उत्तर छापलं. त्यांच्यातल्या जानलुका रोशोली ह्यांनी चक्क स्वतःची दाढी करून करून ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं. त्यांना दिसलं की धार हळूहळू गोल होतेच असं नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकू शकतो, तिरका होऊन धारेला एका बाजूने ढकलतो, आणि पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं, तर जिथे कमकुवत जागा आणि केसाची कड एकत्र येते तिथे टवका जातो. प्रयोग डिस्पोजेबल रेझरच्या ब्लेडवर होता, पण पोलाद, केस आणि धार ह्यांचं गणित वस्तऱ्यालाही लागू पडतं, आणि मला भिंगात जे दिसतं ते ह्याच्याशी जुळतं.

आता पट्टा काय करतो? पट्टा कड सरळ करतो, पुसतो, थोडीफार झळाळी देतो. गेलेला टवका पट्टा भरून आणत नाही, त्यासाठी त्या खाचेच्या तळापर्यंत दोन्ही बाजूंचं पोलाद उतरवायला लागतं आणि ते काम दगडाचं. आमचे काकासुद्धा चामोट्यावर वस्तरा रोज परजायचे, तरी सहाण धोकटीत ठेवायचेच ना.

ह्या रविवारचीच गोष्ट. दहा बारा दिवस डाव्या बाजूला हनुवटीच्या कोपऱ्यात जरासं खेचत होतं, माझे तिथले केस ताठ आहेत आणि त्या जागी मी नेहमी पात्याचा टोकाकडचा तोच भाग वापरतो. पट्टा वाढवून बघितला, फरक नाही. भिंगाखाली टोकापासून दीड सेंटिमीटरवर दोन काळ्या खाचा, एकमेकींच्या शेजारी, बाकी पूर्ण धार स्वच्छ. 1000 ला हात लावायची गरजच नव्हती. थेट 8000 चा दगड भिजवला, बारा वेळा ओढला, बघितलं, एक गेलेली, दुसरी राहिलेली. आणखी दहा वेळा, गेली. मग कापडावर वीस, चामड्यावर पन्नास, आणि दाढी. हनुवटीवर सरळ हात झाला, मग उलटाही मारून बघितला, खेचलं नाही. तुरटी फिरवली, कुठे झोंबली नाही.